पायावर अंडं, पाठीवर वादळ

अंडं उबवायला जगातली सगळ्यात वाईट जागा कुठली? बेलाशक सांगा: अंटार्क्टिका, तीही भर हिवाळ्यात! एम्परर पेंग्विन मात्र नेमकी तीच निवडतात.

आपल्याकडे जून-जुलैत पाऊस कोसळत असतो, तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी असते. पारा उणे 50 अंशांपर्यंत उतरतो. त्यात वारा! अंटार्क्टिकाचा मधला भाग म्हणजे बर्फाचं उंच पठार. तिथली हवा गारठून जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे सुसाट सुटते. कधीकधी तर ताशी 200 किलोमीटर वेगाने!

आणि अशा वाऱ्यात पेंग्विनबाबा उभे. आई अंडं घालते, बाबांच्या हवाली करते आणि मासे खायला समुद्रावर निघून जाते. ही देवाणघेवाण फार जपून चालते. अंडं बर्फावर घरंगळलं आणि लगेच उचललं नाही, तर आतला जीव गोठलाच म्हणून समजा. घरटंबिरटं काही नसतं. बाबा अंडं पावलांवर घेतात, वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरतात आणि सुमारे 65 दिवस ते सांभाळतात. वस्तीवर आल्यापासून मोजलं, तर जवळजवळ चार महिने पोटात घास नाही!

मग ऊब कुठून येते? शेकडो बाबा एकमेकांना चिकटून घोळका करतात. लोकलच्या डब्यासारखी गर्दी, पण धक्काबुक्की अजिबात नाही. अर्ध्या-एक मिनिटाने एक जण जेमतेम 5 ते 10 सेंटिमीटर सरकतो, लगेच शेजारचा सरकतो, मग त्याच्या पलीकडचा. असं करत कडेला वारा खाणारेही हळूहळू आडोशाला येतात. घोळक्याच्या आत चक्क 37 अंशांपर्यंत तापमान जातं. मग उकडतं आणि घोळका पांगतो!

म्हणजे वादळाला हे भीतच नाहीत? तसं नाही. त्यांच्या बहुतेक वस्त्या जमिनीवर नसून गोठलेल्या समुद्रावर असतात. 2016 साली अंटार्क्टिकातल्या हॅली बे इथे वादळी हवामानात हा बर्फ वेळेआधीच फुटला. पिल्लांच्या अंगावर तेव्हा नुसती लव होती, पाण्यात टिकणारी पिसं आलीच नव्हती. हजारो पिल्लं दगावली. 2022 मध्येही बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ लवकर गेला आणि तिथल्या पाचपैकी चार वस्त्यांमध्ये बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही.

थंडीवर पेंग्विनांकडे तोडगा आहे, पण पायाखालचा बर्फच गेला तर घोळका करून काय उपयोग? पृथ्वीला तापवून हा बर्फ घटवणारे वायू आपण माणसं सोडतो. ते कमी करायचं कामही आपलंच.