दगडफूल आणि हळदी-कुंकू बदक : शिवारातील दोन साक्षीदार

मसाल्यातील दगडफूल (पार्मोट्रेमा परलाटम) हे शैवाक, म्हणजे बुरशी व शैवाल यांचे सहजीवन होय. हळदी-कुंकू बदक (ॲनास पोइसिलोरिन्का) हा आपल्या पाणथळींतील निवासी पक्षी. चोचीचे पिवळे टोक व तिच्या मुळाशी असलेले लाल ठिपके यांवरून त्यास हे नाव मिळाले. दोघेही परिसराची स्थिती सांगतात. परंतु त्यांची साक्ष भिन्न असते.

शैवाकास मुळे नसतात. ते पाणी व पोषकद्रव्ये हवा आणि पावसातून शोषते. त्यामुळे सल्फर डायऑक्साइडसारख्या प्रदूषकांचा परिणाम त्याच्यावर लवकर दिसतो. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर असल्याने एकदा खरवडलेले शैवाक भरून येण्यास वर्षे लागतात. बदक मात्र पाणी आटताच अन्यत्र जाते. म्हणून केवळ त्याच्या अनुपस्थितीवरून पाणी दूषित ठरवू नये.

शैवाक झाडातून अन्न घेत नाही. खोडावर ते दिसताच बुरशीनाशक फवारण्याचा सल्ला देऊ नये. झाड खंगत असल्यास खोडकिडा, मुळे व पाण्याचा निचरा तपासावा. बदक भाताच्या दाण्यांबरोबर तणांचे बी व जलकीटकही टिपते. यास्तव बांधावर सांडलेले दाणेदार कीटकनाशक त्वरित मातीआड करावे.