जुन्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरची परीक्षा

अंजिराचा किंवा कांद्याचा हंगाम बरा गेला, कीं पुण्यांतून एखादी वापरलेली मोटार घ्यावी असा विचार पुष्कळ बागाइतदार बंधू करितात. अलीकडे या बाजारांत क्लच न दाबतां चालणाऱ्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीही येऊं लागल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या मनुष्यास त्या फार सोयीच्या. परंतु लाख-सव्वालाख किलोमीटर धांवलेल्या अशा मोटारीचा गिअर अडूं लागला म्हणजे मालक गांगरून जातो, व मिस्त्री सांगेल तो आंकडा कबूल करितो.

गेल्या वर्षी पुरंदर तालुक्यांतील माझे एक स्नेही सासवडकडे परतत असतां दिवे घाटांत त्यांच्या मोटारीचें इंजिन ओरडूं लागलें, पण चाकें जोर घेईनात. एका कारखान्यांत मोटार वर उचलून न पाहतांच "गिअरबॉक्स गेला, दीड लाख लागतील" असें त्यांस सांगण्यांत आलें. दीड लाख म्हणजे त्यांच्या बागेचें वर्षाचें खत, औषध आणि मजुरी. पैसे भरण्यापूर्वी ते बुधवार पेठेंत माझेकडे आले, म्हणून ही हकीकत लिहिण्याचा योग आला.

प्रथम आपली मोटार कोणत्या जातीची तें ओळखावें, कारण सर्वांस एकच औषध चालत नाहीं. दांड्यावर आर, एन, डी अशीं अक्षरें आहेत, पण उभें करण्याचें पी हें अक्षर नाहीं, तर ती बहुधा साध्या क्लचाचीच मोटार असते. फक्त क्लच दाबण्याचें व गिअर टाकण्याचें काम यंत्र करितें. इ. स. २०१४ मध्यें मारुतीच्या सेलेरिओबरोबर ही जात आपल्याकडे प्रथम आली. तिच्यांत क्लचपट्टी झिजते आणि बॅटरी अशक्त झाली तरी गिअर अडतो. दुसरी जात पट्ट्यावर चालणारी, सी. व्ही. टी. नांवाची, तिच्यांत गिअर बदलल्याचा टप्पा जाणवत नाहीं. तिसरी दोन क्लचांची. चौथी, आणि जुन्या मोटारींत पुष्कळ आढळणारी, ती तेलाच्या टॉर्क कन्व्हर्टरची. माझ्या स्नेह्यांची मोटार याच जातीची.

या कन्व्हर्टरचें मूळ जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फ्योटिंगर याच्या इ. स. १९०५ च्या पेटंटांत आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, गिअरकडील पंखा त्या माऱ्यानें फिरतो, आणि मधला तिसरा पंखा परतणाऱ्या तेलास योग्य दिशा देऊन जोर वाढवितो. पुढें गिअरबॉक्सांतील क्लच दाबण्याचें कामही तेलाच्याच दाबानें होतें. तेंच तेल वंगण, आणि तेंच उष्णता वाहून रेडिएटरकडे नेणारें. अर्थात् तेल पाहिल्याशिवाय गिअरबॉक्साविषयीं मत देणें म्हणजे सातबारा व फेरफार न पाहतां जमिनीचा सौदा करणें होय.

तेल पाहण्याची रीत अशी. पांच-दहा किलोमीटर चालवून मोटार सपाट जागीं उभी करावी, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक अक्षरावर क्षणभर नेऊन पी वर आणावा, आणि इंजिन चालू असतां पट्टी काढून पुसून पुन्हां घालून पाहावी. कांहीं कंपन्या इंजिन बंद करून किंवा दांडा एन वर ठेवून पाहावयास सांगतात. म्हणून मोटारीबरोबरचें पुस्तक आधीं वाचावें. पट्टीवर गरम तेलाची खूण निराळी असते. बहुतेक तेल नवें असतां तांबडें दिसतें. तें तपकिरी झालें तर वय झालें, काळें होऊन करपल्याचा वास आला तर क्लच जळूं लागले. गुलाबी दुधासारखें दिसलें तर रेडिएटरमधील पाणी त्यांत मिसळलें असें समजावें, व मोटार तेथेंच थांबवावी. फेंस दिसला तर बहुधा तेल प्रमाणाबाहेर भरलें आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत पट्टीच नसते. तेथें ठराविक उष्णतेस खालचा बोल्ट काढून पातळी ठरवितात, तें काम जाणत्याकडेच द्यावें. पट्ट्याच्या गिअरचें तेल निराळें असतें, रंगही निराळा असूं शकतो. त्यांत साधें तांबडें तेल ओतणें म्हणजे गिअरबॉक्सचा घात करणें होय.

आम्हीं पट्टी काढली तों तेल खालच्या खुणेच्याही खालीं होतें. रंग तपकिरी, पण करपट वास नव्हता. रात्रीं मोटारीखालीं पुठ्ठा पसरला. सकाळीं रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी नळीखालीं तांबूस डाग सांपडला. नळी व तिचा पट्टा बदलून योग्य जातीचें तेल भरलें. खर्च दीड लाखाच्या पासंगासही पुरणार नाहीं इतका झाला. त्यानंतर ती मोटार दिवे घाट अनेकदां चढली आहे. चढावर तेल मागें सरतें व पंप हवा ओढतो, म्हणून दोष प्रथम घाटांत दिसला.

प्रत्येक वेळीं असेंच निघेल असें मात्र नव्हे. दांडा डी वर टाकल्यावर सुमारें एका सेकंदांत मोटारीनें पकड घ्यावी. दोन-तीन सेकंद लागले तर तेल कमी किंवा आंतील रबरी सील कडक झाले असावेत. तेल पुरेसें असूनही दोन गिअरांच्या मध्यें इंजिन रिकामें ओरडत असेल, तर क्लच घसरतात; हें खरें दुखणें. धक्का बसून गिअर पडत असेल तर गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी इंजिनाखालचीं रबरी माउंटिंगें पाहावीं. तीं तुटलेलीं असलीं तरी तसाच धक्का बसतो.

साठ-सत्तरच्या स्थिर वेगानें जातांना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर, मागें वाहन नाहीं असें पाहून, एक्सलरेटर न सोडतां ब्रेक अगदीं हलका स्पर्श करून पाहावा. थरथर तत्काळ थांबली तर दोष कन्व्हर्टरमधील बंद होणाऱ्या क्लचाचा असण्याचा संभव अधिक, कारण ब्रेकचा दिवा लागतांच तो क्लच सुटतो. तशीच चालू राहिली तर आधीं स्पार्क प्लग व कॉइल तपासावे. दांडा पी वरून निघतच नसेल तर मागील ब्रेकचे दिवे लागतात कीं नाहीं तें पाहावें. न लागल्यास ब्रेकखालचा छोटा स्विच किंवा फ्यूज गेलेला असतो. एवढ्या कामासाठीं लोक मोटार उचलून नेतात याचें मला नवल वाटतें.

मोटार एकाच गिअरमध्यें अडकून सावकाश चालूं लागली, तर संगणकानें स्वतःच्या रक्षणासाठीं तसें केलेलें असतें. अशा वेळीं स्टिअरिंगखालच्या जोडणींत स्कॅनर लावून सांकेतिक आंकडे उतरून घ्यावे. माझा स्कॅनर मी तपकीर गल्लींतून घेतला. पी ०७०० याचा अर्थ एवढाच, कीं गिअरच्या संगणकाची तक्रार आहे. पुढचा आंकडा शोधावा. पी ०७१५ वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, पी ०७३० गिअरचें प्रमाण चुकल्याचा, पी ०७४१ कन्व्हर्टरच्या क्लचाचा. आंकडा हा पुरावा आहे, निकाल नव्हे. ०७१५ आला म्हणजे सेन्सरच गेला असें नाहीं, त्याची तारही उंदरानें कुरतडलेली असते. गोठ्याशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हें विशेष पाहावें. आंकडे पुसण्यापूर्वी वहींत तारीख व किलोमीटर घालून लिहून ठेवावे.

जुन्या मोटारीचें तेल बदलल्यानें गिअरबॉक्स जातो अशी एक समजूत आहे. गेलेला गिअरबॉक्स नव्या तेलानें उघडा पडतो, एवढेंच तिच्यांत तथ्य. यंत्रानें दाबून धुवून काढण्याऐवजीं खालून तेल सोडून तितकेंच भरावें. एका वेळीं सगळें तेल निघत नाहीं, म्हणून कांहीं दिवसांनीं तेंच पुन्हां करावें. खालचें भांडें उतरविलें तर आंतील चुंबक पाहावें. त्यावर करडा लगदा असणें स्वाभाविक. धातूचे कण किंवा तुकडे असतील तर नव्या तेलावर पैसा घालूं नये.

शेवटीं एक गोष्ट, जी आपल्या गांवांत हमखास चुकते. बंद पडलेली स्वयंचलित मोटार ट्रॅक्टरला दोर बांधून ओढूं नये. या गिअरबॉक्सांतील तेलाचा पंप इंजिनावर चालतो; इंजिन बंद असतां चाकें फिरलीं तर आंतील चक्रें वंगणाशिवाय घांसतात, आणि पांच हजारांचा बिघाड पांच मैलांत लाखाचा होतो. ढकलूनही ती सुरू होत नाहीं. सपाट ट्रक मिळेपर्यंत ती बांधावर तशीच उभी राहूं द्यावी.