४५ लिटरचा नागरिक, १३५ लिटरचा नागरिक

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे पाच शेजारच्या जिल्ह्यांत. शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या अन्यायावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. आज प्रश्न आहे तो मुंबईत पोचलेल्या पाण्याचा.

दररोज ३,८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी महापालिका शहरात आणते. भांडुप व पांजरापूर येथे शुद्ध झालेले हे पाणी टेकड्यांवरच्या टाक्यांत साठते आणि तेथून ठरलेल्या वेळेला वस्तीवस्तीत सोडले जाते. ते सोडतो चावीवाला. कोणत्या गल्लीत किती तास आणि किती दाबाने पाणी यायचे, हे पाऊस ठरवीत नाही. ते महापालिकेचे वेळापत्रक ठरवते.

महापालिकेच्या हिशेबात वर्षानुवर्षे इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर पाणी धरले गेले. झोपडीतला माणूस तिप्पट कमी तहानलेला असतो काय? त्याच्या लेकरांचे कपडे मळत नाहीत काय?

या आकड्यांमागचा तर्क समजून घेतला पाहिजे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत जेथे नळ आणि भूमिगत गटार दोन्ही आहेत तेथे माणशी १३५ लिटर, गटार नसेल तर ७० लिटर आणि सार्वजनिक नळावर ४० लिटर असे प्रमाण दिलेले आहे. म्हणजे तुमच्या वस्तीत गटार टाकायचे नाही ते त्यांनीच ठरवायचे, आणि गटार नाही म्हणून पाणीही कमी द्यायचे! वास्तविक मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ नुसार पाणीपुरवठा आणि मलनिःसारण ही दोन्ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. कायद्याने जोडलेली ही दोन कर्तव्ये झोपडपट्टीच्या दारात एकमेकांची सबब होतात.

नगरपालिकेचा कागद आणि नगरपालिकेचे पाणी यांतले अंतर आपल्याला नवे नाही. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो बांधवांसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोर्टकज्जा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

मुंबईत ही भूमिका कट-ऑफ तारखेने बजावली. १ जानेवारी २००० नंतरची झोपडी असेल तर नळ नाही, असा नियम होता. पाणी हक्क समितीने त्याला आव्हान दिले. डिसेंबर २०१४ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितले की पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्यावरून तो नाकारता येणार नाही. मात्र अधिकृत घरांइतकाच पुरवठा मागता येणार नाही, अशी मर्यादाही त्याच निकालात आहे. आपले कार्यकर्ते पहिला भाग सांगतात, अधिकारी दुसरा. दोन्ही वाचले पाहिजेत.

त्यानंतर महापालिकेने २०१७ मध्ये धोरण आणले. पदपथावरील आणि केंद्र सरकारच्या जमिनीवरील वस्त्या ना-हरकतीच्या फेऱ्यात अडकल्या. मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण जाहीर झाले. पण या वस्त्यांतील रहिवासी आजही अर्जाची पोच खिशात घेऊन फिरताना दिसतात.

आता गटाराकडे वळू. ज्या समाजाला नळ शेवटी मिळतो, त्यालाच मॅनहोलमध्ये सर्वांत आधी उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ ने गटार व सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास बंदी घातली. कलम ९ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. तरी मृत्यू झाला की अनेकदा फक्त निष्काळजीपणाचे कलम लागते, आरोपी म्हणून ठेकेदाराचा मुकादम उभा केला जातो आणि काम देणारा मोकळा राहतो. फिर्याद लिहून घेतानाच कलम ७ व ९ चा आग्रह धरा. ते नंतर जोडून घेणे फार जड जाते.

नळासाठी वॉर्ड कार्यालयाच्या जलकामे विभागात अर्ज करताना शेजारची घरे मिळून गट करावा आणि पोच घ्यावी. नकार आला तर तो लेखी मागावा. तोंडी नकाराला कोर्टात शून्य किंमत आहे. सोबत माहिती अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या वस्तीला दिवसाला किती पाणी सोडले जाते, पाणी किती वाजता येते आणि शेजारच्या इमारतींना किती सोडले जाते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा टाळले जाते, म्हणून त्यावर पहिले अपील करण्याची तयारी अर्जाच्या दिवशीच ठेवावी.