काउंटीतील शाळा पारखताना

आपल्याकडे एखाद्या इमारतीवर 'पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली, की ती खासगी आणि भरपूर फी घेणारी शाळा असणार हे निराळे सांगावे लागत नाही. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. तेथील पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, विनाशुल्क, सरकारी शाळा. आणि तेथील बहुसंख्य मुले, सधन घरांतील मुलेसुद्धा, तिथेच शिकतात. परंतु 'सरकारी' म्हटल्यावर सर्वत्र एकच व्यवस्था असेल अशी जी समजूत आपल्या मनात उभी राहते, ती मात्र तिकडे लागू पडत नाही. तीस मैलांच्या अंतरावरील दोन सरकारी शाळांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो फरक घराच्या पत्त्यावरून ठरतो.

आपल्या व्यापारी कुटुंबांना हा विषय परका राहिलेला नाही. मुलगा, जावई वा पुतण्या शिक्षणासाठी गेला, नोकरीत स्थिरावला, आणि पुढे रक्तातील व्यापार स्वस्थ बसू देईना म्हणून त्याने मोटेल, गॅस स्टेशन किंवा एखादे स्टोअर घ्यावयाचे ठरविले, असे आता अनेक घरांत घडते. मोठ्या शहरात भांडवल पुरत नाही. तेच भांडवल ग्रामीण काउंटीत चालता धंदा आणि वर राहते घरही देऊन जाते. मग धंद्याची पारख आपण परंपरेने उत्तम करतो. मागील तीन वर्षांची कर-विवरणपत्रे, महामार्गावरील वर्दळ, जमिनीखालील इंधनाच्या टाक्यांचे वय, नोकरांचे पगार, सारे खतावणीला लावून पाहतो. शाळेची चौकशी मात्र सौदा पक्का झाल्यावर होते, आणि तीही घरदलालाकडे. त्याचे मोल पुढे कुटुंबाला चुकवावे लागते: पती दुकानावर, पत्नी व मुले दोन तासांवरील शहरात भाड्याच्या घरात, आणि रविवारची भेट. दोन चुली, दोन भाडी आणि वडिलांविना वाढणारी मुले हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. पण आकारमानाने नव्हे. देशात तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत, आणि टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत अवघी ६४ माणसे मोजली गेली. शाळांचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्टकडे असतो. फ्लोरिडातील ६७ काउंटींत प्रत्येकी एकच डिस्ट्रिक्ट आहे, वेस्ट व्हर्जिनियातील ५५ काउंटींतही तसेच. उलट टेक्सास किंवा इलिनॉय येथे एका काउंटीत अनेक डिस्ट्रिक्ट असतात आणि त्यांच्या सीमा गावाच्या वा काउंटीच्या सीमेशी जुळतातच असे नाही. तेव्हा घर पाहताना गावाचे नाव पुरेसे नसते. त्या घराचा पत्ता कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये आणि कोणत्या शाळेच्या हद्दीत येतो, हे डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातूनच निश्चित करून घ्यावे.

शाळेचा पैसा कोठून येतो, हा प्रश्न आपल्या वाचकांना अधिक रुचेल. केंद्र सरकारचा वाटा साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेला भार राज्य आणि स्थानिक कर यांच्यात जवळजवळ सारखा विभागलेला. स्थानिक भागाचा मुख्य आधार म्हणजे मालमत्ता कर. ज्या काउंटीत घरे व जमिनी महाग, तेथील शाळा श्रीमंत, ही विषमता घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सॅन अँटोनिओच्या खटल्यात दिला. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या परीने समतोल साधण्याचे प्रयत्न केले. व्हर्जिनियाचे उदाहरण घेऊ. तेथे प्रत्येक काउंटीची 'ऐपत' काढली जाते: मालमत्तेच्या मूल्याला ५० टक्के, रहिवाशांच्या उत्पन्नाला ४० टक्के आणि करपात्र किरकोळ विक्रीला १० टक्के वजन. या गणिताने राज्यभरात सरासरी ४५ टक्के भार स्थानिकांवर आणि ५५ टक्के राज्यावर येतो. गरीब काउंटीला राज्याकडून अधिक मिळते, आणि कितीही श्रीमंत काउंटी असली तरी तिचा वाटा ८० टक्क्यांच्या वर नेला जात नाही. हा हिशेब राज्याने आवश्यक ठरविलेल्या किमान दर्जापुरताच असतो. त्यावर काउंटी स्वखुशीने किती घालते, यावरून तेथील माणसांना शाळेचे किती मोल आहे ते कळते.

हे पाहण्याची जागाही ठरलेली आहे. व्हर्जिनियातील शाळा मंडळाला स्वतः कर बसविता येत नाही. पैशासाठी त्यांना काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सपुढे जावे लागते. वसंत ऋतूत अंदाजपत्रकाची सुनावणी होते, ती सर्वांस खुली असते आणि तिची इतिवृत्ते वाचावयास मिळतात. शाळेचे छप्पर गळते आहे, बसगाड्या जुन्या झाल्या आहेत, शिक्षक शेजारच्या काउंटीत चार हजार डॉलर अधिक मिळतात म्हणून जात आहेत, असली खरी माहिती कोणत्याही गुणांकनात नसते. ती या सभांत मिळते. मागील तीन-चार वर्षांत सुपरिटेंडेंट किती वेळा बदलले, एवढेच पाहिले तरी बरेच समजते. ज्या पेढीचा मुनीम वर्षाला बदलतो, तिची अवस्था आपल्याला कोणी सांगावी लागत नाही.

आता गुणांकनाविषयी. घर शोधताना प्रत्येक घराखाली शाळेला दहापैकी काही गुण दिलेले दिसतात. हे गुण बहुतांशी ग्रेटस्कूल्स या खासगी ना-नफा संस्थेचे असतात, सरकारचे नव्हेत. सरकारची आकडेवारी निराळी. २०१५च्या कायद्याने प्रत्येक राज्याला तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणिताची परीक्षा घ्यावी लागते, हायस्कूलमध्ये एकदा, आणि प्रत्येक शाळेचे प्रगतिपत्रक प्रसिद्ध करावे लागते. त्यात प्रतिविद्यार्थी खर्चही असतो. ते प्रगतिपत्रक थेट पाहावे. पण वाचताना एक विवेक ठेवावा. 'किती टक्के मुले उत्तीर्ण' हा आकडा शाळेपेक्षा घरच्या सांपत्तिक स्थितीविषयी अधिक बोलतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी देशभरातील डिस्ट्रिक्टांचे निकाल मांडून दाखविले आहे, की मुलांचे सरासरी गुण घरच्या संपत्तीशी घट्ट बांधलेले असतात. मात्र मुले वर्षागणिक किती पुढे सरकतात, याचा संपत्तीशी संबंध फारच सैल असतो. शिकागोसारख्या गरीब मुलांच्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये तिसरी ते आठवी या पाच वर्षांत मुलांनी सहा वर्षांइतकी प्रगती केल्याचे त्यांना आढळले. म्हणून प्रगतिपत्रकात 'वाढ' हा रकाना असेल तर आधी तो पाहावा. दुकानाचा गल्ला मोठा की नफा मोठा, हा भेद आपण जाणतोच.

ग्रामीण शाळेत आणखी एक गोम आहे. इयत्तेत वीसच मुले असली, तर एक मूल म्हणजे पाच टक्के. यंदा शाळा वर गेली, पुढच्या वर्षी खाली आली, यात शिक्षकांचा गुण वा दोष नसून दोन मुलांचा फरक असू शकतो. फार लहान गटांचे आकडे तर मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून झाकलेलेच असतात. तीन ते पाच वर्षांचे निकाल शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. गरिबीचे माप म्हणून सवलतीच्या भोजनाचा आकडा दिला जातो, तोही आता जपून घ्यावा; कारण अनेक गरीब भागांत शाळेतील सर्वच मुलांना मोफत भोजन मिळते, आणि कागदावर सारीच गरीब दिसतात.

पदवीधर होण्याचे प्रमाण ग्रामीण भागात चांगले असते, शहरांपेक्षा सरसही असते. त्यावरून समाधान मानू नये. खरा प्रश्न हायस्कूलमध्ये काय शिकावयास मिळते हा आहे. माझ्या मते एकच प्रश्न विचारावयाचा असेल तर तो असा: आठवीत बीजगणित शिकवतात काय? आठवीत बीजगणित, नववीत भूमिती, दहावीत बीजगणिताचा दुसरा भाग, अकरावीत कॅल्क्युलसची पूर्वतयारी आणि बारावीत कॅल्क्युलस, अशी ती साखळी आहे. पहिली कडी नसेल तर शेवटची सहसा जुळत नाही, आणि अभियांत्रिकी वा वैद्यकाकडे पाहणाऱ्या मुलाला ते जड जाते. त्यानंतर भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे काय, की ती जागा रिकामी असून तात्पुरता बदली शिक्षक वर्ग सांभाळतो, हे विचारावे. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाची माहिती शाळानिहाय प्रसिद्ध होते. कोणत्या शाळेत कॅल्क्युलस आहे, भौतिकशास्त्र आहे, पहिल्याच वर्षाचे शिक्षक किती, हे तीत सापडते.

विषय नाहीत म्हणजे वाट संपली असेही नाही. व्हर्जिनियात २३ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि हायस्कूलची मुले तेथील अभ्यासक्रम घेऊन महाविद्यालयाचे श्रेयांक आधीच मिळवू शकतात. काही भागांत अनेक काउंटींनी मिळून चालविलेली गव्हर्नर्स स्कूल असते. राज्याच्या ऑनलाइन शाळेत प्रगत विषय घेता येतात. परंतु प्रत्येक काउंटी या सोयींत सहभागी असते असे नाही, आणि तेथवर मुलाला कोण नेणार हा प्रश्न उरतोच. बसचा प्रवास हा तर स्वतंत्र विषय आहे. एका बाजूला तासभराचा प्रवास ग्रामीण भागात अपूर्व नाही. ज्या घराचा विचार आहे तेथे सकाळी बस किती वाजता येते, हे वाहतूक कार्यालयास विचारावे. कोलोरॅडोतील निम्म्याहून अधिक डिस्ट्रिक्टांत शाळा आठवड्याचे चारच दिवस भरते. दुकान सांभाळणाऱ्या आईवडिलांनी पाचव्या दिवसाचा विचार आधीच करून ठेवावा.

आहाराविषयी दोन शब्द. सरकारी भोजन योजनेत 'मांस किंवा त्याऐवजी' असा एक घटक असतो. त्याऐवजी म्हणून चीज, कडधान्ये, दही, शेंगदाण्याचे लोणी चालते. त्यामुळे शाकाहारी पदार्थ बहुधा असतो, परंतु चीज पिझ्झा आणि बटाटा यांच्यापलीकडे तो क्वचितच जातो. कडधान्यात चरबी आहे काय, गोड पदार्थात जिलेटिन आहे काय, हे स्वयंपाकघराच्या व्यवस्थापिकेला नम्रपणे विचारले तर ती डबा उघडून घटक दाखविते, असा अनेकांचा अनुभव आहे. धार्मिक कारणासाठी वेगळा पदार्थ करून देण्याचे बंधन शाळेवर नसते. घरचा डबा हाच खरा उपाय. अडचण येते ती संध्याकाळी. शुक्रवारचा फुटबॉलचा सामना हा ग्रामीण हायस्कूलचा उत्सवच. मूल बँडमध्ये असले तर ते रात्री दहाला परतते, आणि नोव्हेंबरात घड्याळे मागे गेल्यावर व्हर्जिनियात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घराने याची बोलणी मुलाशी आधीच करावी; दुपारी साडेचारचा दुसरा डबा हा तोडगा बऱ्याच घरांत चालतो. जीवशास्त्रातील प्राणिविच्छेदन नाकारून पर्यायी अभ्यास मागण्याचा हक्क मात्र कायद्यानेच आहे, फ्लोरिडात १९८५पासून, कॅलिफोर्नियात १९८८पासून, आणि व्हर्जिनिया, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया येथेही.

दक्षिणेकडील काउंटीत जाताना इतिहासही विचारात घ्यावा लागतो. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५१ साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिने मोडकळीस आलेल्या कृष्णवर्णीय शाळेतील विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. तो खटला १९५४च्या ऐतिहासिक निकालात सामील झाला. गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र शिकवावे लागू नये म्हणून या काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सर्व सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. दीड हजारांहून अधिक काळी मुले शाळेविना राहिली. आज त्या शाळेचे संग्रहालय झाले आहे आणि सरकारी शाळा सर्वांस खुल्या आहेत. तथापि दक्षिणेत अनेक ठिकाणी त्या काळात निघालेल्या खासगी शाळा अजून चालू आहेत. म्हणून गावातील डॉक्टर, वकील आणि खुद्द शाळा मंडळाचे सभासद आपली मुले कोठे घालतात, हे पाहावे. घरदलालाला विचारून उपयोग नाही. १९६८च्या गृहनिर्माण कायद्यामुळे वर्णभेदाचा आरोप येईल या भीतीने तो शाळेविषयी मत देण्याचे टाळतो, आणि ते योग्यच आहे. गावातील वाचनालय, न्हाव्याचे दुकान, दुसऱ्या मोटेलचे मालक यांच्याकडून अधिक कळेल.

प्रत्यक्ष भेट शाळा चालू असताना द्यावी, जूनमधील रिकाम्या इमारतीला नव्हे. नावनोंदणीसाठी घराचा करारनामा किंवा वीजबिल, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद लागते. एका अर्जात घरी कोणती भाषा बोलता असे विचारतात. मराठी, गुजराती, मारवाडी जे असेल ते लिहावे. त्यावरून मुलाची इंग्रजीची चाचणी होईल, आणि गरज असल्यास साहाय्य देणे शाळेला बंधनकारक आहे. आपल्याकडे भाच्याला मामाकडे ठेवून शिकविण्याची जुनी रीत आहे, ती येथे जशीच्या तशी चालत नाही: कायदेशीर पालकत्वाचे कागद मागितले जातात. भारतातून विद्यार्थी व्हिसावर मूल धाडण्याचा विचार असेल, तर तो व्हिसा सरकारी प्राथमिक शाळेसाठी मिळतच नाही, आणि हायस्कूलसाठी अधिकाधिक बारा महिने, तोही पूर्ण खर्च भरून. सर्वांत धाकट्याचे वयही पाहून ठेवावे. व्हर्जिनियात ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला त्या वर्षी बालवर्गात घेतात, आणि ऑक्टोबरात जन्मलेल्याला सहसा पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.