चहासुद्धा नाही

सकाळचे नऊ. मे महिना. पुण्यातल्या जुन्या पेठेतली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या टपरीवर आलं कुटलं जातंय. त्याचा वास जिन्यातून आमच्या सोबतीनं वर येतो. भाची नाक दाबून पायऱ्या चढते. "मामा, हा छळ आहे." आज गुंगी देऊन तिची अक्कलदाढ काढायचीय. रात्री दहाला जेवलीय, त्यानंतर फक्त पाणी.

दाराशी चपलांचा ढीग. आत सहा खुर्च्या आणि आठ माणसं. पंखा कुरकुरतोय, वारा मात्र एकाच खुर्चीला. तिथं बसलेला गृहस्थ उठायला तयार नाही. काउंटरवरची ताई फाइल ओढते आणि मान वर न करता विचारते, "काही खाल्लंय?"

"नाही."

"चहा?"

"नाही."

"पाणी?"

"सातला. दोन घोट."

ताई वेळ लिहून घेते.

चहाचं वेगळं विचारावंच लागतं. आपल्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत. पण त्यात दूध असतं आणि दूध पोटात जेवणासारखंच रेंगाळतं. त्यामुळे गुंगीआधी हलकं खाणं आणि दूध यांना ६ तास, साध्या पाण्याला २. बिनदुधाचा कोरा चहा पाण्याच्या रांगेत बसतो. पण तो पितो कोण?

कोपऱ्यात एक काकू. गाल सुजलेला, पदर त्यावर धरलेला, शेजारी सून. ताईचा तोच प्रश्न.

"छे! आज संकष्टी. उपास आहे माझा."

ताईचं पेन थांबतं. तिला हे उत्तर नवं नसावं. "उपासाचं काय घेतलंत, काकू?"

"वाटीभर खिचडी. साबुदाण्याची. आणि अर्धं केळं. तुम्हीच म्हणालात ना, उपाशी या म्हणून?"

सून खाली बघते. कुणीतरी खाकरतं. काकूंचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. उपास आणि उपाशी यांत एका अक्षराचा फरक, आणि आपण तो जन्मभर खिचडीनंच भरून काढतो. पण तूप-दाण्याची खिचडी ६ तासांतही हटत नाही, तिला ८ लागतात. ताई आत जाऊन येते. गुरुवारची तारीख. सुनेची आजची रजा वाया.

तेवढ्यात आमची हाक येते.

आतली खोली थंडगार. बाहेरचा घाम पाठीवर गोठतो. स्पिरिटचा वास. भिंतीवरच्या दिव्यावर जबड्याचा एक्स-रे लावलाय. खालच्या ओळीत शेवटची अक्कलदाढ चक्क आडवी झोपलीय, शेजारच्या दाढेच्या पाठीत डोकं खुपसून. सिस्टर भाचीच्या बोटांकडे बघतात. उजव्या तर्जनीवर लाल नेलपेंट. कापसाचा बोळा फिरतो, एकच नख उघडं पडतं. त्याच बोटावर चिमटा बसतो. हिरवा आकडा लुकलुकतो. ९७. ९८. तिथंच थांबतो. हे यंत्र बोटातून आरपार प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन मोजतं, रंग मधे आला की गोंधळतं. कानातलं, अंगठी, चष्मा माझ्या ओंजळीत येतात.

संमतीपत्र. ती सही करते. मग सिस्टर माझ्याकडे वळतात. तुम्ही कोण? गाडी कुणाची? रात्री हिच्याजवळ कोण झोपणार? २४ तास स्कूटर नाही, गॅसपाशी उभं राहणं नाही, बँकेच्या कागदावर सही नाही. भाची कुजबुजते, "आणि ऑफिसचे मेल?" "ते तर मुळीच नाहीत," सिस्टर म्हणतात.

भुलीच्या डॉक्टर येतात. बुटक्या, घाईत, पण स्टूल ओढून शेजारी बसतात. "आ कर. मान मागे. घोरतेस का? दमा? कशाची ॲलर्जी? थायरॉइडची गोळी घेतलीस?"

"त्या दोन घोटांबरोबर."

"शहाणी. आणि काही खाल्लंय?"

"चहासुद्धा नाही!" भाची जवळजवळ ओरडते.

डॉक्टर हसतात. "चिडू नकोस. गुंगीत घसा आळसावतो. पोटातलं वर आलं तर ते श्वासनळीत जायला वेळ लागत नाही. त्यात आम्ही काम करणार तोंडातच, पाणी आणि रक्त घशाशीच." पूर्ण भूल नाही ही, त्या सांगतात. हाक मारली की ओ देशील. दाढेशी बधिर करायचं इंजेक्शन वेगळं मिळेल, फक्त बहुधा आठवणार नाही.

१८४४ साली अमेरिकेतल्या एका दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. तो काही खाऊन आला होता का, हा प्रश्न मला आज पहिल्यांदाच पडतो.

दंडाला रबरी पट्टा. मूठ आवळ, सोड, आवळ. उपाशी आणि घाबरलेल्या माणसाच्या शिरा दडी मारतात. सिस्टर मनगटामागे दोन टिचक्या मारतात, हात खाली लोंबू देतात, थांबतात. मग एक निळी रेघ हळूच वर येते. निळ्या टोपणाचं इंट्राकॅथ आत सरकतं, मागच्या नळीत रक्ताचा ठिपका चमकतो. चिकटपट्टी. भाचीनं डोळे मिटलेलेच. नाकाशी ऑक्सिजनची नळी येते. ट्रेमध्ये सिरिंजा ओळीनं, प्रत्येकीवर नावाची पट्टी. एक मिडाझोलम. एक त्याचा उतारा, लागला तर.

"एक मिलिग्रॅम," डॉक्टर म्हणतात. आता दोन मिनिटं कुणी काही करत नाही. सगळे तिच्या पापण्यांकडे बघतात. ती मला टपरीवरच्या चहाविषयी काहीतरी सांगू लागते, वाक्य मध्येच सैल होतं. सिस्टर मला खुणेनं बाहेर काढतात.

बाहेर तोच पंखा. काकूंची खुर्ची रिकामी. मी ओंजळ तशीच धरून बसतो. ताई फाइलमधून मान वर करते.

"तुम्ही काही खाल्लंय का?"

"नाही. तिच्यासमोर कसं खाणार?"

"मग आधी खाली जाऊन या. चहा-बिस्किट काहीतरी घ्या. तुम्हीच चक्कर येऊन पडलात तर तिला जिना कोण उतरवणार?"