धर्माचा रकाना आणि गांवची शाळा

पाथर्डी तालुक्याचें नांव निघालें म्हणजे पेठेंतील मनुष्यास मोहट्याची देवी आठवते, मढीची कानिफनाथांची यात्रा आठवते आणि ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात. दसरा-दिवाळी उलटली कीं या डोंगरकडेचीं कित्येक गांवें ओस पडूं लागतात. बाप कोयता घेतो, आई मोळी बांधते आणि शाळेंतलें पोर धाकट्या भावंडास सांभाळण्याकरितां कारखान्याच्या तळावर जातें. अशा तालुक्यांत शाळेचा प्रश्न नुसत्या पाटी-पुस्तकाचा राहत नाहीं, तो पोटाचा होतो. आणि नगर जिल्ह्यांत गांवकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत शाळा नेली कोणी, असें कोणी विचारूं लागल्यास, आवडो अगर न आवडो, ख्रिस्ती मिशनचें नांव घ्यावेंच लागतें.

१८१३ सालच्या सनदेंत दोन गोष्टी एकदम आल्या. शिक्षणाकरितां वर्षास एक लक्ष रुपये बाजूस काढण्याचें ठरलें आणि पाद्र्यांस या देशांत येण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी त्याच सालीं मुंबईस उतरली व १८३१ सालीं त्यांनीं नगरास ठाणें केलें. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पुढें याच नगरांत चालली व सावित्रीबाई फुले यांस अध्यापनाचे धडे त्यांच्यापाशीं मिळाले. १८४२ सालीं नगरास 'ज्ञानोदय' निघाला. खेड्यांतून मिशनची रीत साधी असे. दिवसा मुलांस मुळाक्षरें शिकविणारा मास्तरच सायंकाळीं उपदेश करी आणि आठवडाभर जी खोली शाळा, तीच रविवारीं देऊळ. शिकणारीं मुलें बहुतेक महारा-मांगांचीं.

आम्ही मिशनचे भाट नव्हों. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत भाकरीच्या मागोमाग जो उपदेश आला, त्याविषयीं आमच्या मनांत किंतु आहे. उपाशी मनुष्याचा होकार हा होकार नव्हे, हें कोणताही कायदेपंडित सांगेल. परंतु वादीचा अर्ज वाचला तशी प्रतिवादीची कैफियतही वाचली पाहिजे. १८५६ सालीं धारवाडच्या एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. मुंबई सरकारनें तो नाकारला, कां, तर त्याच्या येण्यानें इतर जातींचीं मुलें शाळा सोडतील! ती शाळा सर्वांच्या पैशावर चाले. पुढें तर शेतकऱ्यापासून साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून घेत व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाच्या नांवें टाकीत. आमच्या व्यापारी बंधूंस हा हिशेब लवकर समजेल: वर्गणी खेड्याची आणि जेवणावळ शहराची. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें नेमकें हेंच मांडलें आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा म्हणून मागणी केली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. तरी ते ख्रिस्ती झाले नाहींत. उघडें दार आणि दारामागचा धर्म या दोन वस्तू वेगळ्या, हें त्यांस कळलें होतें. सरकारचें दार बंद असतां जो पाद्र्याच्या दारांत गेला, त्यास 'विकला गेला' म्हणण्याचा अधिकार निदान आम्हां वरच्या आळींतील लोकांस नाहीं.

बरें, तो आंत जाऊन परका झाला काय? नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. नगर ही त्यांची कर्मभूमि. त्यांची श्रद्धा अभंगांत बोलली, टाळ-चिपळ्यांसह कीर्तनांत उभी राहिली, आणि तुकोबांचें ऋण त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. साहेबी पोषाखावांचून ख्रिस्ताचें नांव घेतां येतें, हें त्यांनीं साहेबांसही दाखविलें. लक्ष्मीबाईंनीं तर त्या घराची कथा अशा मराठींत लिहिली कीं आजही ती घरोघर वाचली जाते. नगरच्या खेड्यांतील ख्रिस्ती मनुष्य जात्यावर बसला काय आणि उसाच्या फडांत उतरला काय, बोलतो आमचीच बोली. ज्यास राष्ट्र म्हणून कांहीं उभारावयाचें आहे, त्यानें यांस पाहुणे समजणें म्हणजे आपल्याच घराची एक भिंत परकी म्हणण्यासारखें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण वर्ज्य केलें. सरकारची मदत अगर मान्यता असलेल्या संस्थेंत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवांचून त्यास उपासनेस बसवितां येत नाहीं. ३० व्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या संस्था काढण्याचा हक्क दिला. ही वांटणी आम्हांस न्यायाची वाटते. धर्मशिक्षण हवें असेल तर तें समाजानें आपल्या संस्थेंतून द्यावें. उदाहरणास दूर जावयास नको. तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड खुद्द पाथर्डीचेंच आहे. सरकारी शाळेच्या घंटेंत मात्र कोणाच्याही देवाची वकिली नको, मग तो देव बहुसंख्यांचा असला तरी.

परंतु जें दार २८ व्या कलमानें धर्मापुढें लावलें, तें एका रकान्यानें पुन्हा उघडलें आहे. आम्ही कोर्टांत वर्षें घालविलेलीं माणसें. रकाना काय करूं शकतो हें आम्हांस ठाऊक आहे. शाळेच्या नोंदवहींत जात आणि धर्म लिहावा लागतो. अनुसूचित जातींविषयींच्या १९५० च्या आदेशांतील तिसरें कलम असें कीं, ठरावीक धर्मांबाहेरचा मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जावयाचा नाहीं. प्रथम हिंदूंपुरतेंच असलेलें हें कलम १९५६ सालीं शिखांसाठीं व १९९० सालीं बौद्धांसाठीं सैल झालें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे एका आळींतले, एकाच आज्याचे दोन नातू. एकाच्या नांवापुढें बौद्ध, दुसऱ्याच्या नांवापुढें ख्रिस्ती. पहिल्यास अनुसूचित जातीची शिष्यवृत्ति व सवलत, दुसऱ्यास ती नाहीं. बापानें रविवारीं प्रार्थनेस जावें आणि सोमवारीं मास्तरांपुढें बसून धर्माच्या रकान्यांत काय लिहावें याचा विचार करावा, असा प्रसंग राज्यानेंच त्याजवर आणला आहे. पूर्वीं भाकरी देऊन धर्म विचारला जाई असा मिशनवर आरोप होता. आज धर्म विचारून शिष्यवृत्ति दिली जाते, हें निराळें कसें, तें आम्हांस कोणी समजावून सांगावें.

प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं ख्रिस्ती धर्मांत जातच नाहीं, मग जातीची सवलत कशाची? शास्त्रांत नसेल, पाणवठ्यावर आहे, सोयरिकींत आहे. १९८५ सालीं सूसाई यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, धर्मांतरानंतरही तीच हीनता तितक्याच तीव्रतेनें टिकली हें पुराव्यानें दाखवावें लागेल. पुरावा मागणें योग्यच. परंतु तो गोळा करण्याचें काम फडांत राबणाऱ्या मनुष्यानें कसें करावें? २०२२ सालीं न्यायमूर्ति बालकृष्णन् यांचा आयोग याच कामीं नेमावा लागला, म्हणजे आदेशास बहात्तर वर्षें उलटल्यावर.

रकान्याच्या वादांत एक गोष्ट मात्र विसरूं नये: नोंदवही असावयास शाळा असावी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनीं पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत देण्याचें वचन आहे. तरी २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळा मिळून समूहशाळा करण्याचा विचार सरकारी दफ्तरांतून पुढें आला. पाथर्डीसारख्या तालुक्यांत पट कमी कां दिसतो, हें उसाच्या हंगामांत हजेरी मोजणाऱ्यानें आधीं सांगावें. जी वस्ती सहा महिने कोयत्यावर जगते, तिची पटसंख्या मार्गशीर्षांत मोजून शाळा बंद करणें म्हणजे धनी गांवास गेला असतां त्याचें घर पडीक ठरविणें होय.

आमची मागणी मोठी नाहीं. टोळ्या निघण्यापूर्वीं जिल्हा परिषदेनें तालुक्यांतील प्रत्येक गांवाचा पट व हंगामी वसतिगृहांतील जागा जाहीर कराव्यात आणि मूल ख्रिस्ती, बौद्ध कीं वंजारी हें न विचारतां त्यास तेथें ठेवून घ्यावें. आणि पेठेंतील ज्या गृहस्थांचा मुकादमांशीं देण्याघेण्याचा व्यवहार आहे, त्यांनीं यंदा उचलीच्या गोष्टी निघतील तेव्हां एवढेंच विचारावें: जोडपें फडावर जाईल, पोरें कोठें राहतील?