पुस्तकाआधी गोष्ट

पहिली-दुसरीच्या वर्गात दरवर्षी अशी काही मुले येतात, की पुस्तक समोर ठेवताच त्यांची मान खाली जाते. ‘याला वाचनाची आवडच नाही,’ हा शेरा त्यांच्यावर फार लवकर बसतो. आम्हांस तो मान्य नाही. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांचे तेच मूल रात्री वसतिगृहात शेजारच्या अंथरुणावरील सोबत्याला गावच्या विहिरीतल्या भुताची हकीकत तासभर रंगवून सांगत असते. त्याला गोष्ट नकोशी नाही, पुस्तक नकोसे आहे. कारण पुस्तक उघडले की कोणीतरी चूक काढणार, हे ते अनुभवाने शिकले आहे. शिवाय पुस्तकातली भाषा त्याच्या घरची नसते, ती वेगळीच.

म्हणून आरंभ कानापासून करावा. रात्रीच्या भोजनानंतर, दिवे मालवण्यापूर्वी, रोज एक गोष्ट सांगावी आणि मुलाने तीच पुन्हा मागितली तर तीच पुन्हा सांगावी. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकही चौथीच्या दंगेखोर वर्गाला आधी गोष्टच ऐकवतो.

आमच्या हाताशी यासाठी जातककथांचे भांडार आहे. पाली जातकसंग्रहात 547 कथा आहेत. त्यांतील 322 वे दद्दभ जातक लहानांसाठी आम्हांस सर्वांत उपयोगी वाटते. बेलाच्या झाडाजवळ पडलेला एक ससा मनाशी म्हणतो, ‘ही पृथ्वी कोसळली तर मी कोठे जाऊ?’ तेवढ्यात पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर आदळते. ससा धूम ठोकतो. त्याच्यामागे हजारो ससे, मग हरणे, डुकरे, रेडे, वाघ, हत्ती, सारे रानच धावू लागते. सिंहरूपातील बोधिसत्त्व वाट अडवून विचारतो, ‘कोसळताना कोणी पाहिले?’ हत्ती सिंहांकडे बोट दाखवतात, सिंह वाघांकडे, आणि असे करत प्रश्न अखेर त्या एका सशापाशी येऊन थांबतो. सिंह त्याला पाठीवर घेऊन त्या जागी जातो आणि खाली पडलेले बेलफळ पाहतो.

तिसऱ्या-चौथ्या प्राण्यापर्यंत वर्गातले सर्वांत अबोल मूलही ‘तू पाहिलेस का?’ असे सर्वांबरोबर ओरडू लागते. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून चुकण्याची भीती उरत नाही. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले की ते मूल अक्षरे न जुळवताच वाचून टाकते. पुनरुक्ती हा कथेचा दोष मानणाऱ्या मोठ्या माणसांनी लहानांसमोर एकदा तरी ही कथा सांगून पाहावी.

‘या कथेतून काय बोध घ्याल?’ हा प्रश्न मात्र आम्ही विचारीत नाही. त्याने गोष्टीची परीक्षा होते आणि मूल पुन्हा मान खाली घालते. जातकांची मूळ रीतही तशी नाही. तेथे आधी काही घडते, मग कथा येते. सावत्थीहून भिक्षाटन करून परतणाऱ्या भिक्खूंना काट्यांच्या शय्येवर पडलेले तापस दिसले. अशा तपाने काही साधते काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा तथागतांनी ही सशाची कथा सांगितली. आमच्या मागच्या न्हाणीघरात भूत असल्याची आवई उठली, त्या रात्री आम्हीही हीच कथा सांगितली, भुताविषयी अवाक्षर न काढता. सकाळी चार-पाच मुले आपणहून तिकडे गेली आणि वाऱ्याने वाजणारा पत्रा पाहून आली.

कानाकडून डोळ्याकडे जाण्याची वाटही आपल्या परंपरेत आहे. इसवी सनापूर्वीच्या भारहुत स्तूपाच्या कठड्यावर जातकांची शिल्पे आहेत आणि अनेकांजवळ कथेचे नाव कोरलेले आहे. एक चित्र आणि जोडीला मोजके शब्द, ही रचना आजच्या बालपुस्तकाचीच होय. पहिले पुस्तक असेच द्यावे आणि चित्र मुलाला हवे तितका वेळ पाहू द्यावे.

काही बांधव म्हणतात, जुन्या कथा कशाला, महापुरुषांची चरित्रेच सांगा. जरूर सांगावीत. पण आपण ती बहुधा पदव्यांची आणि हालअपेष्टांची यादी करून सांगतो, आणि सात वर्षांच्या मुलाला दोन्हींचे ओझे होते. त्याऐवजी रामायण-महाभारत वाचायला लावणाऱ्या वडिलांना ‘हे आम्ही का वाचायचे?’ असे विचारणारा लहान भीमराव सांगावा. तो मुलांना लगेच आपला वाटतो. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतःच लिहून ठेवली आहे.

पालकांकडे आमचे एक मागणे आहे. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी आले की आजी-आजोबांनी, मामा-मावशीने त्याला एक तरी गोष्ट आपल्या घरच्या बोलीत सांगावी. लिहिता-वाचता येत नाही म्हणून कोणी संकोचू नये. मूल परतले की ती गोष्ट आम्ही त्याच्या तोंडून ऐकतो, त्याच्याच शब्दांत, बोली न सुधारता वहीत उतरवतो, आणि चित्रासाठी समोरचे पान कोरे सोडून वही त्याच्या हाती देतो.